ब्रिटनची निवडणूक पद्धत : १८८५ ची तडजोड आणि आजचे पाच पक्ष

जुलै २०२४ च्या निवडणुकीत ब्रिटनमध्ये मजूर पक्षाला ३३.७ टक्के मते मिळाली आणि ६५० पैकी ४११ जागा. रिफॉर्म यूके या पक्षाला १४.३ टक्के मतांवर पाच जागा, तर लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, १२.२ टक्के मतांवर ७२. तेव्हापासून तिथे निवडणूक पद्धतीचा वाद पुन्हा तापला आहे. आपली लोकसभेची पद्धत तिथूनच आलेली असल्याने त्याचे पडसाद आपल्याकडेही उमटतात. पण हा वाद दोन्ही बाजूंनी ढिसाळपणे घातला जातो. एका बाजूचे म्हणणे असे की, एका मतदारसंघातून एक खासदार आणि ज्याला सर्वाधिक मते तो विजयी ही शतकानुशतकांची परंपरा आहे, तिने देशाला स्थैर्य दिले, तिला हात लावू नका. दुसरी बाजू टक्केवारीचे तक्ते मांडते आणि तेवढ्याने अन्याय सिद्ध झाला असे धरून चालते. माझे म्हणणे वेगळे आहे. ही पद्धत परंपरा नाही. दोन पक्षांच्या लढतीसाठी दोन पक्षांच्या नेत्यांनी १८८५ मध्ये केलेली ती तडजोड आहे. ती लढत आता उरलेली नाही, म्हणून पद्धतही बदलली पाहिजे. बदलासाठी ब्रिटनला बाहेर कुठे पाहायचीही गरज नाही, कारण पसंतीक्रमाची पद्धत, म्हणजे मतदाराने उमेदवारांना १, २, ३ असे क्रमांक देण्याची, त्याच्याच सीमेत, बेलफास्टमध्ये आणि ग्लासगोत, वर्षानुवर्षे चालू आहे.

आधी परंपरेचे पाहू. मध्ययुगापासून इंग्लंडमधल्या बहुतेक सगळ्या काउंट्या आणि नगरे पार्लमेंटमध्ये दोन-दोन प्रतिनिधी पाठवत आणि मतदारालाही दोन मते असत. एकसदस्यीय मतदारसंघ हा अपवाद होता. १८३२ च्या सुधारणा कायद्याने ओल्ड सॅरमसारखी, जिथे मतदार बोटांवर मोजण्याइतके आणि खासदार मात्र दोन, अशी ओसाड नगरे रद्द केली आणि तोवर एकही खासदार नसलेल्या मँचेस्टर-बर्मिंगहॅमला प्रतिनिधित्व दिले. तेव्हाही द्विसदस्यीय चौकट बहुतांशी तशीच राहिली. १८६७ च्या कायद्याने बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लीड्स, लिव्हरपूल या शहरांना तीन-तीन जागा दिल्या, पण मतदाराला मते दोनच. अल्पमतातल्या गटाला निदान एक जागा मिळावी हा त्यामागचा हेतू. बर्मिंगहॅमच्या लिबरल पक्षाने तो सपशेल हाणून पाडला. कोणत्या वॉर्डातल्या समर्थकांनी कोणत्या दोघांना मत द्यायचे हे पक्षयंत्रणेने आधीच ठरवून दिले, मते तीन उमेदवारांत सारखी वाटली गेली आणि १८६८ मध्ये तिन्ही जागा लिबरलांनी घेतल्या. १८७० च्या शिक्षण कायद्याने आलेल्या स्कूल बोर्डांसाठी आणखी वेगळा प्रयोग झाला. जितक्या जागा तितकी मते, आणि हवी तर ती सगळी एकाच उमेदवाराला. याच पद्धतीने त्या वर्षी लंडनमध्ये डॉ. एलिझाबेथ गॅरेट सर्वाधिक मतांनी निवडून आल्या. पार्लमेंटसाठी मत देण्याचा हक्क स्त्रियांना त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी मिळायचा होता. एकोणिसाव्या शतकात ब्रिटन मतमोजणीच्या नियमांबाबत इतके प्रयोगशील होते, याचा आज तिथल्याच पुढाऱ्यांना विसर पडला आहे.

मग एकसदस्यीय मतदारसंघ आले कुठून? १८८४ मध्ये ग्लॅडस्टनच्या लिबरल सरकारने काउंटीतल्या शेतमजूर-खाणकामगारांपर्यंत मताधिकार नेला आणि त्या बदल्यात विरोधी हुजूर पक्षाच्या लॉर्ड सॅलिस्बरींनी मतदारसंघांची फेररचना मागितली. दोन्ही पक्षांचे नेते एकत्र बसले आणि त्यांनी देश एकेका जागेच्या तुकड्यांत वाटून घेतला. सॅलिस्बरींचा हिशेब सरळ होता. शहराभोवतीच्या सुखवस्तू उपनगरांचे स्वतंत्र मतदारसंघ झाले तर तिथे हुजूर पक्ष निवडून येईल. लीड्सचे पाच तुकडे झाले, लिव्हरपूलचे नऊ. प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, नाकारले म्हणून लिओनार्ड कोर्टनी यांनी ग्लॅडस्टनच्या सरकारातून राजीनामा दिला. दादाभाई नौरोजी ज्या सेंट्रल फिन्सबरीतून १८९२ मध्ये अवघ्या पाच मतांनी निवडून आले तो मतदारसंघही याच फेररचनेत जन्मला होता. काही द्विसदस्यीय मतदारसंघ तर थेट १९५० पर्यंत टिकले. म्हणजे संपूर्ण ब्रिटन एकसदस्यीय झाले ते भारत स्वतंत्र झाल्यानंतर. याला प्राचीन परंपरा कोणत्या हिशेबाने म्हणायचे?

त्यानंतरही ही तडजोड दोनदा मोडता मोडता राहिली. १९१७ मध्ये सभापतींच्या अध्यक्षतेखालील सर्वपक्षीय परिषदेने मोठ्या शहरांसाठी एकल संक्रमणीय मताची, म्हणजे पसंतीक्रमाची, शिफारस केली होती. कॉमन्सला एक पर्याय हवा होता, लॉर्ड्सला दुसरा. या ओढाताणीत दोन्ही पडले आणि १९१८ च्या कायद्यात पसंतीक्रम उरला तो फक्त एकाहून अधिक जागा असलेल्या, पदवीधरांच्या विद्यापीठ मतदारसंघांपुरता. त्याच कायद्याने मतदारांची संख्या सुमारे ७७ लाखांवरून २ कोटी १४ लाखांवर नेली, एकवीस वर्षांवरील पुरुषांना सरसकट आणि तिशीपुढच्या बऱ्याच स्त्रियांना मत दिले. एवढा प्रचंड बदल करणाऱ्या पार्लमेंटला मोजणीचा नियम मात्र बदलता आला नाही. १९३१ मध्ये मॅक्डोनाल्ड सरकारचे पर्यायी मताचे, म्हणजे एकसदस्यीय मतदारसंघातच पसंतीक्रम लिहिण्याचे, विधेयक कॉमन्समध्ये मंजूर झाले, लॉर्ड्समध्ये अडकले आणि ऑगस्टमध्ये सरकारच पडले. जुनी पद्धत कुणाला पटली म्हणून टिकली नाही, पर्यायांवर एकमत झाले नाही म्हणून टिकली.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. दोन पक्षांचे राज्य होते तोवर ही पद्धत बऱ्यापैकी चालली. १९५१ मध्ये मजूर आणि हुजूर या दोघांना मिळून जवळजवळ ९७ टक्के मते पडली. शंभरातल्या सत्त्याण्णव जणांची निवड दोघांतच असेल तर ज्याला जास्त मते तो विजयी हा नियम सहसा बहुमताच्या जवळच पोचतो. (तेव्हाही तो चुकलाच. मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा जास्त मते मिळाली आणि सत्ता चर्चिलना.) पण फेब्रुवारी १९७४ मध्ये लिबरलांना १९.३ टक्के मतांवर चौदा जागा मिळाल्या. १९८३ मध्ये लिबरल आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्ष (एसडीपी) यांच्या आघाडीला २५.४ टक्क्यांवर तेवीस, आणि तिच्यापेक्षा जेमतेम दोन टक्के पुढे असलेल्या मजूर पक्षाला २०९. २०२४ मध्ये दोन मोठ्या पक्षांची बेरीज ५७ टक्क्यांवर आली. या एका आकड्याने नियमाचा स्वभावच पालटतो. लढत दोघांत असताना जिंकायला निम्मी मते लागतात, पाच जणांत असली की चौथा हिस्साही पुरतो. साउथ वेस्ट नॉरफोकमध्ये माजी पंतप्रधान लिझ ट्रस ६३० मतांनी हरल्या तेव्हा विजयी उमेदवाराला २६.७ टक्के मते होती. तिथल्या दर चार मतदारांतल्या तिघांनी जो नको म्हटला तो त्यांचा खासदार झाला. पाच तुल्यबळ पक्षांत कोण जिंकतो हे त्याला किती जणांचा पाठिंबा आहे यापेक्षा विरोधकांची मते कशी फुटतात यावर ठरते. टक्केवारीच्या विषमतेपेक्षा मला हा दोष अधिक गंभीर वाटतो, कारण इथे निकालाचा अर्थच हरवतो.

आता विरोधकांचे बळकट मुद्दे घेऊ. पहिला मुद्दा असा की, या पद्धतीत जनता सरकारला घालवू शकते. १९७९, १९९७, २०२४ : मतदान गुरुवारी, शुक्रवारी नवा पंतप्रधान डाउनिंग स्ट्रीटवर. आघाड्यांच्या देशांत महिनोन्‌महिने वाटाघाटी चालतात आणि हरलेला पक्षही मागच्या दाराने मंत्रिमंडळात शिरतो. हा मुद्दा खरा आहे आणि मोलाचाही. दुसरा मुद्दा स्थिर कार्यकारी मंडळाचा. मराठी वाचकाला तो डॉ. आंबेडकरांच्या मुखातून ठाऊक आहे. जानेवारी १९४९ मध्ये संविधान सभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती आली तेव्हा त्यांनी तिला विरोध केला. मतदार साक्षर नाही आणि संसदीय पद्धतीत सरकारमागे भक्कम बहुमत लागते, ही त्यांची कारणे होती. हेच आंबेडकर १९३७ मध्ये मुंबईतून निवडून आले ते बहुसदस्यीय मतदारसंघातून आणि सगळी मते एकाला देता येणाऱ्या पद्धतीने, म्हणजे १८७० च्या लंडन स्कूल बोर्डाच्याच नियमाने. तेव्हा त्यांचा विरोध तत्त्वाचा नव्हता, परिस्थितीचा होता. १९५१ च्या जनगणनेत भारतात साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती आणि राष्ट्र नुकतेच फाळणीतून बाहेर पडत होते. आजच्या ब्रिटनला यातली कोणती अडचण लागू आहे?

आणि स्थैर्य म्हणाल तर गेल्या पंधरा वर्षांचा हिशेब काढा. २०१५, २०१७, २०१९ : पाच वर्षांच्या आत तीन सार्वत्रिक निवडणुका. एकट्या २०२२ मध्ये तीन पंतप्रधान. त्यांतल्या ट्रस एकोणपन्नास दिवसांत गेल्या, आणि त्यांच्या पक्षाचे कॉमन्समध्ये भरघोस बहुमत होते! २०१० ते २०२४ या काळात पूर्ण पाच वर्षे टिकलेले एकच सरकार झाले, ते २०१० चे आघाडी सरकार. छोट्या पक्षांच्या ओलीसपणाची भीती घातली जाते, पण २०१७ मध्ये उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाने दहा खासदारांच्या जोरावर थेरेसा मे सरकारला पाठिंबा देताना आपल्या प्रांतासाठी एक अब्ज पौंडांचा जादा निधी पदरात पाडून घेतला, तो याच पद्धतीत. मोठ्या पक्षाच्या पोटातले गटही सौदेबाजी करतातच, फक्त ती बंद दाराआड होते आणि मतदाराला त्या गटांना वेगळे मत देता येत नाही.

तिसरा मुद्दा अतिरेकी पक्षांचा. प्रमाणशीर पद्धतीने त्यांना सभागृहात जागा मिळते आणि उदाहरण म्हणून हिटलरच्या उदयाआधीची वायमार जर्मनी पुढे केली जाते. जागा मिळते, हे मान्य. पण युद्धानंतर पश्चिम जर्मनीने वायमारचा धडा घेतला तेव्हा प्रमाणशीर पद्धत टाकून दिली नाही, तिला पाच टक्क्यांचा उंबरठा घातला. उलट दोन पक्षांची भिंत कोसळल्यावर सर्वाधिक मतांचा नियम काय करतो ते मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत दिसले. केंट काउंटीत रिफॉर्म यूकेने ८१ पैकी ५७ जागा जिंकल्या, निम्म्याहून बऱ्याच कमी मतांवर. एखादा पक्ष आपल्याला कितीही अप्रिय असो, तीस टक्के लोक त्याच्यामागे असतील तर त्याला तीस टक्के जागा मिळाव्यात. तीस टक्क्यांवर संपूर्ण राज्य मिळू नये, त्यालाही नाही आणि मजूर पक्षालाही नाही. रिफॉर्मला रोखायचे म्हणून जुनी पद्धत हवी असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब नीट केलेला नाही. विशिष्ट पक्षाला अडवण्यासाठी मोजणीचा नियम निवडायचा हा मार्ग किती घातक ठरतो याचा दाखला ब्रिटनच्याच इतिहासात आहे.

उत्तर आयर्लंड निर्माण करणाऱ्या १९२० च्या कायद्यात तिथल्या सभागृहासाठी पसंतीक्रमाची पद्धत घातली होती, अल्पसंख्य कॅथलिकांना प्रतिनिधित्व मिळावे म्हणूनच. तिथल्या युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनशी जोडून राहू पाहणाऱ्या, मुख्यतः प्रोटेस्टंटांच्या, सरकारने ती १९२२ मध्ये स्थानिक संस्थांतून काढली. १९२५ च्या प्रांतिक निवडणुकीत मजूर आणि अपक्षांनी त्यांच्या जागा खेचल्या, तेव्हा १९२९ पर्यंत ती सभागृहातूनही काढून टाकली. परिणाम काय झाला? डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य होते, पण वॉर्डांच्या सीमा अशा आखल्या आणि मताधिकार करदात्यांपुरता असा बांधला की, नगरपालिकेत बारा युनियनिस्ट आणि आठ राष्ट्रवादी (आयर्लंडच्या एकीकरणाच्या बाजूचे, मुख्यतः कॅथलिक) हे गणित वर्षानुवर्षे हललेच नाही. घरवाटप, नोकऱ्या, सगळे त्या बारांच्या हाती. साठच्या दशकातली नागरी हक्कांची चळवळ याच अन्यायातून पेटली आणि पुढची तीन दशके रक्ताची गेली. हिंसेचे कारण केवळ मतपद्धत होती असे कुणी म्हणणार नाही. पण १९७३ मध्ये लंडनने तिथे पसंतीक्रम पुन्हा आणला तो अभ्यासकांच्या हौसेपोटी नव्हे, दुसरा मार्ग उरला नव्हता म्हणून. आजही बेलफास्टच्या विधानसभेचे नव्वद सदस्य अठरा मतदारसंघांतून, प्रत्येकी पाच असे, त्याच पद्धतीने निवडले जातात. जे बेलफास्टसाठी न्याय्य ते बर्मिंगहॅमसाठी अव्यवहार्य कसे?

ही पद्धत क्लिष्ट आहे, हा पुढचा आक्षेप. निदान महाराष्ट्रात तरी तो कुणी घेऊ नये. विधान परिषदेची निवडणूक आली की, मतांचा कोटा आणि दुसऱ्या पसंतीची मते ही चर्चा आपल्याकडे चहाच्या टपरीवरही होते. समजा, सध्याचे पाच मतदारसंघ एकत्र करून पाच जागांचा एक केला आणि २,४०,००० वैध मते पडली. जागांत एक मिळवून भागायचे : २,४०,००० भागिले सहा म्हणजे ४०,०००, त्यात एक मिळवला की ४०,००१ हा कोटा. मतदार नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितो. एखाद्याला पहिल्या पसंतीची ४८,००० मते मिळाली तर तो निवडून आला आणि त्याची ७,९९९ मते जादा ठरली. स्कॉटलंडच्या नियमानुसार त्याच्या सगळ्या ४८,००० मतपत्रिका दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात, पण प्रत्येकीचे मोल सुमारे एक षष्ठांश धरून. कुणीच कोटा गाठत नसेल तर सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते ज्या मोलाने त्याच्याकडे आली त्याच मोलाने पुढे सरकतात. पाच जागा भरेपर्यंत हे चालते. मतदाराला करायचे काय? फक्त आकडे लिहायचे. हिशेब मोजणी अधिकाऱ्याने करायचा, आणि स्कॉटलंडमध्ये तो यंत्राने होतो.

याने मतदारसंघाशी नाते तुटते, असे म्हणतात. ब्रिटिश खासदार आठवड्याच्या शेवटी आपल्या भागात बसून घरभाडे, व्हिसा, पेन्शनची गाऱ्हाणी ऐकतात, ही प्रथा जपण्यासारखी आहे यात वाद नाही. पण पाच सदस्यांच्या मतदारसंघात ती बुडत नाही. मतदाराला पाच दारे मिळतात आणि त्यातले एखादे बहुधा त्याच्या मताच्या पक्षाचे असते. ग्लासगोत २००३ मध्ये जुन्या पद्धतीने मजूर पक्षाला निम्म्याहून कमी मतांवर ७९ पैकी ७१ जागा होत्या. २००७ मध्ये पसंतीक्रम आल्यावर त्या ४५ झाल्या. पक्ष सत्तेत राहिला, पण त्याच्यासमोर प्रथमच खरा विरोधी बाक आला. यादी पद्धतीपेक्षा मला पसंतीक्रम पसंत आहे तो यासाठीच. वेल्सने २०२६ पासून आपल्या विधिमंडळासाठी सहा-सहा सदस्यांच्या बंद याद्या स्वीकारल्या, म्हणजे मत उमेदवाराला नव्हे, पक्षाच्या यादीला. तिथे प्रमाण साधते, मात्र कोण निवडून येणार हे पक्ष कार्यालय ठरवते.

राहिला २०११ चा सार्वमताचा कौल. ६७.९ टक्क्यांनी बदल नाकारला हे खरे, पण मतदानाला आले जेमतेम ४२ टक्के आणि प्रश्न होता पर्यायी मताचा. एकसदस्यीय मतदारसंघातला तो पसंतीक्रम प्रमाणशीर नसतोच. जे विचारलेच नाही त्याचे उत्तर त्या कौलात शोधायचे कसे? आणि सार्वमताची अट तरी कुठून आली? १८३२, १८६७, १८८४, १९१८, १९२८ मध्ये स्त्रियांना समान मताधिकार, १९६९ मध्ये अठरा वर्षे : सगळे बदल पार्लमेंटने साध्या कायद्याने केले. २०२२ च्या निवडणूक कायद्याने महापौरांसाठीची दुसऱ्या पसंतीची पद्धत काढून सर्वाधिक मतांची आणली, मतदान केंद्रावर छायाचित्राचे ओळखपत्र सक्तीचे केले, तेव्हा कुणी जनतेला विचारले नाही. सोळाव्या वर्षी मत देण्याची घोषणा जुलै २०२५ मध्ये झाली, तीही सार्वमताविना. न्यूझीलंडचा क्रम मला पटतो, थोडा बदलून. तिथे १९९३ मध्ये लोकांनी मिश्र प्रमाणशीर पद्धत निवडली आणि काही निवडणुकांचा अनुभव घेतल्यावर २०११ मध्ये सुमारे ५८ टक्क्यांनी ती कायम ठेवली. ब्रिटनने जाहीरनाम्यात वचन देऊन कायदा करावा आणि दोन निवडणुकांनंतर लोकांना विचारावे. पद्धत वापरून पाहिलेल्या मतदाराचा कौल भीतीवर कमी चालतो. डिसेंबर २०२४ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचे खासगी विधेयक मांडू द्यावे की नाही यावर कॉमन्समध्ये १३८ विरुद्ध १३६ असे अनुकूल मतदान झाले. त्याने कायदा होत नाही, पण दार पूर्ण बंद नाही एवढे नक्की.

या प्रश्नात ब्रिटनमधल्या मराठी माणसाचाही थेट वाटा आहे. राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून वैध वास्तव्य असलेला भारतीय तिथे पार्लमेंटसाठी मत देऊ शकतो आणि ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. शिकायला गेलेल्या अनेकांना हे माहीतच नसते, नाव नोंदवायचे राहून जाते.

बदल करायचा तर चुका कुठे होतात तेही आधीच पाहून ठेवावे. २००७ मध्ये स्कॉटलंडने संसद आणि स्थानिक निवडणूक एकाच दिवशी घेतली. एका पत्रिकेवर फुल्या, दुसरीवर आकडे, त्यातच संसदेची दोन्ही मते एकाच कागदावर. १ लाख ४० हजारांहून अधिक मते बाद झाली. म्हणून नवी पद्धत पहिल्यांदा वापरताना त्या दिवशी दुसरे मतदान ठेवू नये. स्कॉटिश पत्रिकेवर नावे आद्याक्षराच्या क्रमाने असतात आणि एकाच पक्षाच्या दोघांत वरच्या नावाला आयता फायदा मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात वेगवेगळ्या मतपत्रिकांवर नावांचा क्रम बदलून छापतात, तो नियम उचलावा. एक जागा रिकामी झाली तर पोटनिवडणुकीत ती बहुसंख्य गटाकडेच जाते आणि छोट्या गटाचा वाटा बुडतो, म्हणून उत्तर आयर्लंडप्रमाणे त्या पक्षालाच पर्यायी सदस्य नेमू द्यावा. नव्या सीमा आखत बसण्याची गरज नाही. २०२३ मध्ये ठरलेले मतदारसंघ चार-चार, पाच-पाचांच्या गटांत जोडता येतील. लोकसंख्या विरळ असलेल्या स्कॉटिश बेटांना एक-एक जागेचाच मतदारसंघ ठेवावा, तिथेही फुलीऐवजी पसंतीक्रम लिहून.